लॅक्टेट: एक पॉइंट चार

रात्री सव्वादोनला बर्फात खोचलेली सिरिंज आली.
सोबत चिठ्ठी: केरबा सोनटक्के, पुरुष, चव्वेचाळीस,
आणि कोपऱ्यात कॅज्युअल्टीच्या घाईचं अक्षर,
दारू?

खिडकीशी त्याची बायको, प्रयाग.
काखेत क्लॅरिनेटची पेटी,
पेटीभोवती बँडचा लाल कोट गुंडाळलेला.
"तोंडाचा वास घ्या सायेब.
थेंबाला शिवत न्हाई. लातूरला आतडं काढल्यापून
च्याबी इचारून पितो."

अंबाजोगाईच्या या लॅबमध्ये माझी अकरा वर्षं गेली.
वास घेणं माझ्या कामात बसत नाही.
मी सिरिंज तळहातांत घोळवली, बुडबुडा काढला,
मशीनच्या तोंडाला लावली.
कंडक्टरनं तिकीट फाडावं तसा कागद आला:
पीएच सात पॉइंट एक सहा,
बायकार्बोनेट नऊ,
लॅक्टेट एक पॉइंट चार.

सोडियममधून क्लोराइड वजा, त्यातून नऊ वजा.
चिठ्ठीच्या पाठीवर अठ्ठावीस उरले.
बारा उरले असते तर मी झोपलो असतो.
वरच्या सोळांना वारस सापडेना.
कीटोन नाही. साखर एकशे आठ. किडनी बरी.
अल्कोहोल शून्य,
ते मी दोनदा लावलं,
पहिल्यांदा चिठ्ठीसाठी, दुसऱ्यांदा खिडकीसाठी.

डॉक्टर निखत स्वतःच जिना उतरून आली.
"त्यानं खाल्लं काय होतं?"
"रेणापूरचं लगीन. मालकानं पंगतीला बसवलं.
भात, बुंदी, वरून जिलबी.
मग सूर सोडून भलतंच वाजवाया लागला,
नवरदेवाच्या घोडीवरच गेला झोकांड्या खात.
मारलं बगा त्याला."
"आधी कधी असं?"
"दोनदा. दोन्हीदा लगनातच."

निखत माझ्याकडं वळली.
"तुझं मशीन कोणतं लॅक्टेट बघतं?"

अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

लॅक्टेट दोन असतात.
तेच कार्बन, तेच ऑक्सिजन, वजनही तेवढंच,
फरक डाव्या-उजव्या चपलेचा.
आपलं शरीर बनवतं ते एका पायाचं,
दुसऱ्या पायाचं जंतू बनवतात,
जेव्हा आखूड आतड्यातून न पचलेली बुंदी
तशीच खाली उतरते
आणि तिथं त्यांची पंगत बसते.
मशीनमधलं एन्झाइम एकाच पायात शिरतं.
दुसरी चप्पल दारात असली
तरी ते म्हणतं, घरात कुणी नाही.

पहाटे प्लाझ्मा गोठवला, थर्माकोलच्या डब्यात भरला,
हैदराबादच्या गाडीपाशी नेला.
"काय हाय ह्यात?"
रक्त म्हणालो असतो तर घेतलं नसतं.
"औषध," म्हणालो.

केरबाचं तोंड बंद, सलाइन चालू,
नळीतून जंतूंचं औषध.
दुसऱ्या दिवशी त्याची बोटं चादरीवर हलू लागली,
सिस्टर म्हणाली झटके आहेत.
प्रयाग म्हणाली, "वरातीतलं हाय ते,
घोडी दारात आल्यावरचं."

चौथ्या दिवशी रिपोर्ट:
डी-लॅक्टेट तेरा पॉइंट आठ.
सोळांतले जवळजवळ सगळे घरी आले.
मी रजिस्टर काढलं. आमच्या छापील कागदावर
याला रकानाच नव्हता,
शेऱ्याच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं.

डिस्चार्जच्या दिवशी केरबा खिडकीशी आला.
"सायेब, मालकाला दाखवाया कागद पायजे,
पिला नव्हता म्हून."
तसा कागद लॅब देत नाही. लॅब आकडे देते.
मी त्याला तेच दिले, तेरा पॉइंट आठ,
आणि शाईच्या पेनानं खाली ओढली रेघ
अल्कोहोल शून्यच्या.

त्यानं बसस्टँडसमोर लॅमिनेशन करून घेतलं.
क्लॅरिनेटच्या पेटीत, मखमलीखाली असतं म्हणे ते.
पंगतीत वाढपी बुंदी घेऊन आला की
केरबा ताटावर हात आडवा धरतो,
आग्रह फारच झाला तर पेटी उघडतो.
कुणी वाचत नाही. इंग्रजीत आहे.
पण चकचकीत असल्यामुळं ऐकतात.